युरेनसचा ठिपका लांबट का आला? ग्रहांवरून बीम आणि फोकस कसा मोजायचा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या विद्यार्थ्याने हवाईतल्या मौना केआवरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीचा, म्हणजे जेसीएमटीचा, सर्वांसाठी खुला झालेला जुना डेटा उतरवून घेतला आहे. कॅमेरा स्कुबा-२. ४५० मायक्रॉन तरंगलांबीला युरेनसचा नकाशा तयार करून त्यावर गाउसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचा वक्र, बसवला, तेव्हा त्याची निम्म्या उंचीवरची रुंदी ९.६ बाय ८.३ विकला आली (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). बीमचा, म्हणजे एका बिंदूचा दुर्बीण जेवढा ठिपका करते त्याचा, प्रकाशित आकडा ७.९ आहे. त्याच संध्याकाळच्या मंगळाच्या नकाशावरून मोजलं तर रुंदी १२ च्या आसपास. "म्हणजे फोकस बिघडला होता का? आणि तसं असेल तर त्याच रात्री घेतलेल्या माझ्या तेजोमेघाच्या मोजमापावर विश्वास ठेवू का?"

फोकस थोडा हललेला असू शकतो. पण तुमचे आकडे एकट्या फोकसची खूण दाखवत नाहीत. दुय्यम आरसा, म्हणजे मुख्य आरशासमोरचा छोटा आरसा, नुसता पुढे किंवा मागे सरकला तर ठिपका सगळ्या बाजूंनी सारखा फुगतो. तुमचा ठिपका एका दिशेने फुगलाय आणि दुसऱ्या दिशेने जवळजवळ शाबूत आहे. हे कसं ओळखलं ते पुढे आकड्यांनिशी मांडते, कारण ग्रहावरून बीम मोजताना बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात.

पहिली गोष्ट, ग्रह हा बिंदू नसतो. नकाशात तुम्हाला बीम दिसत नाही, बीम आणि ग्रहाची तबकडी एकमेकांत मिसळून झालेली आकृती दिसते. युरेनसचा कोनीय व्यास सुमारे साडेतीन विकला असतो आणि पृथ्वीपासूनच्या अंतरानुसार थोडा कमी-जास्त होतो. ज्या रात्रीचं निरीक्षण आहे त्या रात्रीचा व्यास पंचांगातून घ्यायचा, सरासरी घ्यायची नाही. तबकडी बीमपेक्षा बरीच लहान असेल तर एक सोपं सूत्र चालतं: मोजलेल्या रुंदीच्या वर्गातून व्यासाच्या वर्गाचा ०.३५ पट भाग वजा करा. ३.६ विकलांच्या युरेनससाठी ही वजाबाकी ४.५ येते.

दुसरी वजाबाकी नकाशाच्या चौकटीची. तुम्ही २ विकलांच्या पिक्सेलचा नकाशा केलाय. प्रत्येक नमुना जवळच्या पिक्सेलमध्ये टाकला जातो, त्यामुळे प्रतिमा थोडी पसरते. पिक्सेलच्या बाजूच्या वर्गाचा ०.४६ पट, म्हणजे तुमच्या बाबतीत १.८५, हाही वजा करायचा. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे यंत्राच्या संकेतावरून खरं तेज ठरवण्यासाठीच्या, ग्रहांचे नकाशे १ विकलेच्या पिक्सेलवर करतात ते याचसाठी. तसं केलंत तर ही दुरुस्ती अर्ध्या एककाच्याही खाली जाते आणि तिची काळजी उरत नाही.

आता हिशोब करा. ९.६ चा वर्ग ९२.२, त्यातून ६.३५ गेले, उरले ८५.८, वर्गमूळ ९.३. दुसऱ्या बाजूने ८.३ चा वर्ग ६८.९, त्यातून ६.३५ गेले, उरले ६२.५, वर्गमूळ ७.९. म्हणजे तुमच्या बीमची अरुंद बाजू शोधनिबंधात आहे तितकीच आहे. रुंद बाजू तेवढी सुटली आहे. मंगळाचंही कोडं इथेच सुटतं. त्या संध्याकाळी मंगळ १४ विकलांचा होता. १४ चा वर्ग गुणिले ०.३५ म्हणजे जवळजवळ ६८. हे ६८ तुमच्या बीमच्या वर्गात मिळवा आणि वर्गमूळ काढा, एका बाजूला साडेबारा आणि दुसऱ्या बाजूला साडेअकरा येतात. तुम्हाला १२ च्या आसपास मिळालेच होते. मंगळावर बीम वेगळा झाला नाही, मंगळच मोठा होता. एक सावधगिरी मात्र हवी. तबकडी बीमपेक्षा मोठी झाली की हे सूत्र ढोबळ ठरतं, कारण ती आकृती गाउसियन राहतच नाही, माथ्याशी सपाट होते. मंगळासाठी योग्य पद्धत अशी: त्या व्यासाची तबकडी संगणकात काढा, तिच्यावर अंदाजे बीम फिरवा आणि मिळालेली आकृती नकाशाशी जुळेपर्यंत बीम बदलत राहा.

उंचीवरही तबकडीचा परिणाम होतो आणि तो विसरला जातो. ४५० मायक्रॉनला बीम ७.९ आणि युरेनस ३.६ असताना शिखरावर जे तेज मिळतं ते तितक्याच तेजाच्या बिंदूपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतं. त्याच कॅमेऱ्याच्या दुसऱ्या तरंगलांबीला, ८५० मायक्रॉनला, हीच घट तीनेक टक्के. शिखरावरून कॅलिब्रेशन काढताना हे ७ टक्के परत मिळवले नाहीत तर नंतरचं प्रत्येक मोजमाप तेवढं चुकतं.

आता मूळ मुद्दा, बीमचा आकार. "७.९ विकला" हा एकच आकडा सगळीकडे लिहिला जातो आणि नवीन लोक तोच बीम समजतात. ज्या निबंधातून तो आलाय, डेम्पसी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या निबंधातून, त्यातच लिहिलंय की बीम दोन गाउसियनांनी बनलेला आहे. ४५० मायक्रॉनला एक ७.९ विकलांचा, उंचीत ९४ टक्के, आणि दुसरा २५ विकलांचा, उंचीत ६ टक्के. ८५० ला १३ विकलांचा ९८ टक्के आणि ४८ विकलांचा २ टक्के. सहा टक्के, दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण गाउसियनमधली एकूण ऊर्जा उंची गुणिले रुंदीचा वर्ग अशी वाढते. गुणून पाहा: ४५० ला त्या पसरट, बुटक्या भागात एकूण ऊर्जेचा जवळपास ४० टक्के वाटा निघतो आणि ८५० ला पाव भागाच्या थोडा खाली. या पसरट भागाला आम्ही एरर बीम म्हणतो. म्हणूनच त्याच निबंधात बीमची परिणामी रुंदी ४५० ला ९.८ आणि ८५० ला १४.६ दिली आहे. क्षेत्रफळाचा हिशोब करताना हे आकडे वापरायचे असतात, ७.९ आणि १३ नाहीत.

एरर बीम येतो दुर्बिणीच्या तबकडीच्या, म्हणजे मुख्य आरशाच्या, पृष्ठभागाच्या खाचखळग्यांतून. जेसीएमटीची तबकडी १५ मीटर व्यासाची आहे आणि २७६ पॅनेल जोडून बनवलेली आहे. ही पॅनेलं आदर्श वक्रापासून इकडेतिकडे काही मायक्रॉन ढळलेली असतातच. जॉन रूझ यांनी १९६६ मध्ये मांडलेलं सूत्र आजही रोज वापरलं जातं: पृष्ठभागाची सरासरी चूक तरंगलांबीने भागा, ४π ने गुणा, वर्ग करा, आणि शिखरावरचं तेज त्या प्रमाणात घातांकाने घसरतं. समजा चूक २५ मायक्रॉनची आहे. ८५० मायक्रॉनला शिखर ८७ टक्क्यांवर राहतं. ४५० ला मात्र ६१ टक्क्यांवर येतं. शिखरावरून गेलेलं तेज नाहीसं होत नाही, ते आजूबाजूला पसरतं, आणि तोच एरर बीम. हे ६१ टक्के आणि वरच्या हिशोबातली ४० टक्के गळती एकमेकांशी किती जुळतात ते पाहा.

यातून आणखी एक गोष्ट वाचता येते, आणि ती मला फार आवडते. पसरट भागाची रुंदी सांगते की तबकडीवरचे खाचखळगे केवढ्या आकाराचे आहेत. तरंगलांबीला त्या कोनाने भागून पाहा. ८५० मायक्रॉन भागिले ४८ विकला, कोन रेडियनमध्ये घेऊन, उत्तर येतं ३.७ मीटर. ४५० भागिले २५ विकला, उत्तर पुन्हा ३.७ मीटर. दोन वेगळ्या तरंगलांब्यांवर, वेगवेगळ्या बोलोमीटरांनी (कॅमेऱ्यातल्या उष्णता मोजणाऱ्या संवेदकांनी) केलेली मोजमापं तबकडीवरच्या एकाच आकाराकडे बोट दाखवतात. ढोबळ हिशोब आहे, पण दिशा स्पष्ट आहे. एकेक सुटं पॅनेल वाकडं आहे म्हणून हा एरर बीम आलेला नाही, तीन-चार मीटरचे पट्टे एकत्र वर-खाली झाल्यामुळे आलेला आहे. तबकडीला हात न लावता, एका ग्रहाच्या ठिपक्याच्या कडेकडे नीट पाहून हे कळतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक गाउसियन बसवणं थांबवा. दोन घटकांच्या बीमवर एकच गाउसियन बसवला की उत्तर तुम्ही किती त्रिज्येपर्यंतचा डेटा घेता यावर ठरतं. १० विकलांपर्यंत घेतला तर रुंदी आठाच्या जवळ, ४० पर्यंत घेतला तर नऊकडे सरकते. दोघांनी एकाच नकाशावरून वेगळे आकडे काढले आणि दोघांचंही गणित बरोबर होतं, अशी भांडणं मी पाहिली आहेत. गाभा आधी लहान त्रिज्येत बसवा, मग तो धरून ठेवून बाहेरचा भाग बसवा. त्याआधी केंद्रापासूनच्या वर्तुळाकार सरासरीचा आलेख लॉगरिदमिक अक्षावर काढून डोळ्यांनी पाहा. गाभा कुठे संपतो आणि एरर बीम कुठे सुरू होतो, तो गुडघा तिथे स्पष्ट दिसतो.

तो बाहेरचा भाग पाहायला युरेनस पुरेसा तेजस्वी आहे का? ८५० ला तो सुमारे ७० जान्स्कींचा असतो (जान्स्की हे रेडिओ तेजाचं एकक). गाभ्यासाठी भरपूर, पण केंद्रापासून एखाद्या कलेवरच्या (६० विकलांवरच्या) शेपटीसाठी अपुरा. तिथे मंगळ, गुरू किंवा शनी लागतात. मोठे ग्रह कडा उजळ दाखवतात पण गाभा झाकून टाकतात, छोटे ग्रह गाभा दाखवतात पण कडांना अंधार असतो, म्हणून दोन्ही नकाशे जोडावे लागतात. प्लँक अंतराळयानानेही बीम मोजण्यासाठी मंगळ, गुरू आणि शनी असे ग्रह एकत्र वापरले होते. शनीच्या कड्यांची उष्णता आणि सावली दोन्ही हिशोबात घ्यावी लागतात, म्हणून अचूक पातळी ठरवायला मी शनी टाळते. मंगळ तेजस्वी आहे, पण त्याच्या ध्रुवांवर बर्फ आहे, पृष्ठभागावर उजळ-काळे प्रदेश आहेत, आणि २०१८ सारखं ग्रहभर पसरणारं धुळीचं वादळ आलं तर त्याचं तापमान बदलतं. आकारासाठी मंगळ उत्तम, निरपेक्ष तेजासाठी युरेनस बरा. याहूनही दूरवरचा एरर बीम पाहायचा असेल तर चंद्राची कड कामी येते: कडेवरून दुर्बीण फिरवायची आणि मिळालेल्या वक्राचा उतार काढायचा. स्पेनमधल्या पिको वेलेटावरच्या आयरॅम या संस्थेच्या ३० मीटर दुर्बिणीचे एरर बीम ग्रेव्हे, क्रॅमर आणि विल्ड यांनी १९९८ मध्ये असे चंद्रावरून मोजले होते.

एक धोका इथेच सांगते. स्कुबा-२ चा नकाशा बनवणारा प्रोग्राम वातावरणाची मंद चढउतार काढून टाकण्यासाठी मोठ्या आकाराचे संकेत गाळतो. तो गाळताना तुमच्या बीमची शेपटीही खातो. ग्रहाच्या नकाशात ठरावीक त्रिज्येच्या बाहेर तेज शून्य आहे असं त्याला सांगावं लागतं. ती त्रिज्या लहान ठेवली तर शेपटी तिथेच कापली जाते आणि बीम फार स्वच्छ आहे असं खोटं चित्र उभं राहतं. त्रिज्या बदलून दोन-तीनदा नकाशा करा. उत्तर हललं तर ते उत्तर दुर्बिणीचं नाही, गाळणीचं आहे.

आता तुमच्या लांबट ठिपक्याकडे येते. संशयित चार आहेत.

पहिला, नकाशा घेताना दुर्बिणीचा रोख सरकत गेला. ७.९ चा ९.३ व्हायला किती सरकायला हवं? दोन्हींच्या वर्गांतला फरक २३ च्या पुढे जातो. सरळ रेषेत एकसारखं सरकणं असेल तर एकूण ७ विकला लागतात. काही मिनिटांच्या नकाशात एवढं सरकणं बरंच मोठं आहे आणि लपून राहणार नाही. डेटाचे वेळेनुसार दोन तुकडे करा, दोन नकाशे करा, दोन्हींची केंद्रं मोजा. साडेतीन विकलांचा फरक असेल तर लगेच दिसेल. अनेक नकाशे एकत्र केले असतील तर प्रत्येकाचं केंद्र आधी जुळवून घ्या, मगच बेरीज.

दुसरा, बोलोमीटरचा मंदपणा. बोलोमीटर तापायला आणि थंड व्हायला काही मिलिसेकंद घेतो. दुर्बीण सेकंदाला १५५ विकला वेगाने फिरत असेल आणि प्रतिसाद ५ मिलिसेकंद उशिरा येत असेल, तर ठिपका प्रवासाच्या दिशेने पाऊण विकला मागे ओढला जातो. पण छोट्या स्रोतांसाठी वापरतात ती डेझी पद्धत दुर्बिणीला फुलाच्या पाकळ्यांसारखी सगळ्या दिशांनी फिरवते. त्यामुळे हा परिणाम गोल पसरतो, लांबट होत नाही. या संशयिताला सोडून द्या.

तिसरा, दुय्यम आरसा बाजूला सरकलेला आहे. याला कोमा म्हणतात. त्याची खूण वेगळी असते: ठिपक्याच्या एकाच बाजूला शेपूट, म्हणजे आकृती डावी-उजवी सारखी नसते. गाउसियन वजा करून जे उरतं त्याचा नकाशा पाहा. एका बाजूला अधिक आणि समोरच्या बाजूला उणे असेल तर कोमा.

चौथा, आणि माझा संशय याच्यावर आहे, अ‍ॅस्टिग्मॅटिझम. तबकडी किंचित घोडखोगिरासारखी वाकलेली असते: एका व्यासावर खोल, काटकोनातल्या व्यासावर उथळ. मग दोन दिशांचे फोकस दोन वेगळ्या ठिकाणी येतात. दुय्यम आरसा एका जागी असेल तर ठिपका उभा लांबट, दुसऱ्या जागी आडवा लांबट, आणि बरोबर मध्ये गोल पण थोडा जाड. तुमची एक बाजू ७.९ आणि दुसरी ९.३ आहे याचा अर्थ अ‍ॅस्टिग्मॅटिझम आणि थोडा ढळलेला फोकस दोन्ही एकत्र आहेत, आणि आरसा एका दिशेच्या फोकसवर जाऊन बसला आहे. तुम्ही निरीक्षणाची वेळ सूर्यास्तानंतर तासाभराची लिहिली आहे. त्यामुळे संशय बळावतो. दिवसभर तापलेला सांगाडा त्या वेळी सगळीकडे सारख्या वेगाने थंड होत नाही आणि तबकडी तास-दोन तास आकार बदलत राहते. आयरॅमच्या ३० मीटर दुर्बिणीत तबकडीमागच्या सांगाड्याचं तापमान नियंत्रित ठेवण्याची सोय आहे ती याच कारणासाठी.

पडताळा घेण्याचे दोन मार्ग तुमच्याच हातात आहेत. त्याच निरीक्षणाचा ८५० चा नकाशा काढा. वाकलेली तबकडी दोन्ही तरंगलांब्यांसाठी तीच असते, पण तरंगलांबी दुप्पट झाल्यावर तेवढ्याच वाकण्याचा परिणाम खूप कमी होतो. म्हणून ८५० ला ठिपका जवळजवळ गोल हवा. रोख सरकला असता तर दोन्ही नकाशांत त्याच सात विकला मिसळल्या असत्या आणि ८५० लाही लांबटपणा मोजता आला असता. दुसरा पडताळा: युरेनस आणि मंगळ दोघांचे नकाशे आकाशाच्या उत्तर-दक्षिण चौकटीत न करता उन्नतांश-दिगंशाच्या (क्षितिजापासूनची उंची आणि क्षितिजावरची दिशा यांच्या) चौकटीत करा. दोन्ही ग्रह आकाशात वेगळ्या ठिकाणी होते. लांबटपणाची दिशा त्या चौकटीत दोघांसाठी तीच निघाली तर दोष दुर्बिणीचा आहे. मग त्याच रात्रीचा मध्यरात्रीनंतरचा एखादा कॅलिब्रेशनचा नकाशा घ्या. तो गोल असेल तर कारण तापमान, हे जवळजवळ नक्की.

आता फोकस मोजतात कसा, हा तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग. दुय्यम आरसा अक्षावर थोड्या थोड्या अंतराने पाच किंवा सात जागी ठेवतात, प्रत्येक जागी ग्रहाचा छोटा नकाशा घेतात, शिखराची उंची मोजतात आणि त्या बिंदूंवर पॅराबोला बसवतात. पॅराबोलाचा माथा म्हणजे फोकस. किती बारकाई लागते? जेसीएमटीसारख्या खोल तबकडीसाठी माझा हिशोब असा: आरसा दहावा भाग मिलिमीटर ढळला तर ४५० ला शिखर ६-७ टक्क्यांनी घसरतं, ८५० ला दोनेक टक्क्यांनी. तीन दशांश मिलिमीटर ढळला तर ४५० चं शिखर निम्म्याच्या आसपास येतं आणि ८५० चं मात्र अजून सहा भागांतले पाच भाग शिल्लक असतं. म्हणून फोकस ठरवताना ४५० चा संकेत चांगला मिळत असेल तर तोच पाहावा. अडचण अशी की ४५० ला आकाश फार कोरडं लागतं, हवेतलं एकूण बाष्प एक मिलिमीटरच्या खाली. दमट रात्री नाइलाजाने ८५० वर भागवावं लागतं.

शिखराच्या उंचीवर भरवसा ठेवताना आकाश आडवं येतं. पाच जागा मोजता मोजता बाष्प वाढलं तर शेवटचं शिखर आपोआप बुटकं होतं आणि पॅराबोलाचा माथा सरकतो. आम्ही दोन गोष्टी करतो. मोजणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि मग उलट क्रमाने परत, म्हणजे संथ बदलाचा परिणाम दोन फेऱ्यांत रद्द होतो. मात्र आरसा हलवणाऱ्या यंत्रणेत थोडी ढील असते, म्हणून प्रत्येक जागी एकाच बाजूने येऊन थांबायचं. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची: शिखराबरोबर मोठ्या वर्तुळातलं एकूण तेजही मोजायचं. फोकस ढळला की तेज पसरतं, पण एकूण बेरीज जवळपास तीच राहते. शिखर पडलं आणि बेरीज जागेवर राहिली तर फोकस. दोन्ही एकत्र पडली तर आकाश. ही एक जोडी सवयीने काढत राहिलात तर अर्धे वाद तिथेच मिटतात.

फोकससाठी गुरू का वापरत नाही असं नेहमी विचारलं जातं, तेजस्वी आहे म्हणून. गुरूची तबकडी ३० ते ५० विकलांची असते. फोकस ढळल्यावर मध्यबिंदूतून जे तेज बाहेर जातं तेवढंच शेजारच्या भागातून आत येतं आणि मध्यभागी फारसा फरकच पडत नाही. फोकसला बीमपेक्षा लहान ग्रह हवा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक रात्र सांगते. दुर्बीण दुसरी होती, तिचं नाव इथे गरजेचं नाही. सूर्यास्तानंतर आम्ही युरेनसवर फोकस घेतला, पॅराबोला देखणा आला, कॅलिब्रेशन केलं आणि दुर्मीळ कोरडं आकाश मिळालंय म्हणून घाईघाईने मुख्य कामाला लागलो. चार तास मागे वळून पाहिलं नाही. मध्यरात्री पुन्हा युरेनसवर गेलो तेव्हा शिखर पाचव्या हिश्शाने घसरलं होतं, बेरीज तीच होती. सांगाडा थंड होत गेला तसा फोकस सरकत गेला होता, आणि तो कधी किती सरकला याची एकही नोंद आमच्याकडे नव्हती. त्या चार तासांतल्या बिंदूसारख्या स्रोतांची तेजं आम्हाला प्रसिद्ध करता आली नाहीत. त्यानंतर संध्याकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत मी दर तासाला फोकस घेते, आकाश कितीही सुंदर असलं तरी.

फोकसच्या बाहेरच्या प्रतिमांमध्ये आणखी एक खजिना आहे. नेमक्या फोकसवरचा ठिपका पाहून तबकडी कुठे खोल आणि कुठे उथळ आहे हे सांगता येत नाही, कारण बोलोमीटर ऊर्जा मोजतो, तरंगाची कला (फेज) मोजत नाही. खोलगट चूक आणि तेवढीच उथळ चूक सारखाच ठिपका देऊ शकतात. पण आरसा मुद्दाम, माहीत असलेल्या अंतराने पुढे आणि मागे सरकवून दोन प्रतिमा घेतल्या की ही संदिग्धता मोडते, कारण एका बाजूला ती चूक फोकसच्या ढळण्यात मिळते आणि दुसऱ्या बाजूला वजा होते. हौशी मंडळी घरी आरसा घासून दुर्बीण बनवतात तेव्हा तारा फोकसच्या आत आणि बाहेर नेऊन दोन्हीकडची वलयं सारखी आहेत का पाहतात. तत्त्व तेच आहे. रेडिओ दुर्बिणींसाठी याची गणिती पद्धत निकोलिक, हिल्स आणि रिचर यांनी २००७ मध्ये मांडली. यातले रिचर्ड हिल्स जेसीएमटी उभारली गेली तेव्हा तिचे प्रकल्प-शास्त्रज्ञ होते. अमेरिकेतल्या १०० मीटरच्या ग्रीन बँक दुर्बिणीवर या पद्धतीने तबकडीचं उष्णतेमुळे झालेलं वाकणं मोजतात आणि पॅनेलांखालच्या २,२०९ मोटरी ते लगेच दुरुस्त करतात. तुमच्या रात्रीच्या संग्रहात फोकसची निरीक्षणं नक्की असतील. त्यांतले टोकाचे दोन नकाशे काढा. एका टोकाला ठिपका एका दिशेने आणि दुसऱ्या टोकाला काटकोनात लांबट दिसला तर अ‍ॅस्टिग्मॅटिझम सिद्ध झाला.

काहींनी मला विचारलंय की नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर असं ग्रहांवरून का करत नाहीत. तिथल्या तरंगलांब्या सेंटिमीटर-मीटरच्या आहेत आणि ग्रहाची उष्णता तिथे फार क्षीण पडते. जो युरेनस ८५० मायक्रॉनला ७० जान्स्की देतो तो २१ सेंटिमीटरला जान्स्कीच्या काही हजारांशावर येतो. तिथे ३सी ४८, ३सी १४७ असे तेजस्वी क्वासार वापरावे लागतात, आणि ते तिथल्या बीमसाठी जवळजवळ बिंदूच असतात. ग्रह ही मिलिमीटर आणि त्याखालच्या तरंगलांब्यांची सोय आहे.

युरेनसबद्दल आणखी एक. सध्या तो वृषभ तारकासमूहाच्या परिसरात आहे, त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) सुमारे १९-२० अंश उत्तर, आणि मौना केआचा अक्षांशही जवळजवळ तोच. म्हणजे मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येताना तो दुर्बिणीच्या अगदी डोक्यावर असतो. उन्नतांश-दिगंशावर फिरणाऱ्या दुर्बिणीला तिथे दिगंशात फार वेगाने वळावं लागतं आणि रोख बिघडतो. तुमचा नकाशा युरेनस असा डोक्यावर असतानाचा असेल तर पहिला संशयित पुन्हा उभा राहतो, म्हणून निरीक्षणाच्या नोंदीत उन्नतांश किती आहे ते आधी पाहा. ८० अंशांच्या वर असेल तर मी तो नकाशा बीमसाठी वापरणार नाही.

राहिला तेजोमेघाचा प्रश्न. तुमचा बीम एका दिशेने ७.९ चा ९.३ झाला म्हणजे गाभ्याचं शिखर सुमारे १५ टक्क्यांनी खाली आलं. प्रमाणित शिखर-गुणक (शिखराच्या संकेताचं तेजात रूपांतर करणारा आकडा) वापरून बिंदूसारख्या गाभ्यांची तेजं काढली असतील तर ती तेवढी कमी आलेली असतील. त्याच संध्याकाळच्या युरेनसवरून स्वतःचा गुणक काढा, ७ टक्क्यांची ग्रहाच्या तबकडीची दुरुस्ती विसरू नका, आणि तो फक्त त्या वेळेच्या आसपासच्या नकाशांना लावा. पसरलेल्या मेघाचं एकूण तेज मात्र बरंच सुरक्षित आहे, कारण तेज पसरलंय, हरवलेलं नाही. त्यासाठी ६० विकला व्यासाच्या वर्तुळातून काढलेला क्षेत्र-गुणक (एकूण संकेतासाठीचा तसाच आकडा) वापरा. ४५० आणि ८५० च्या तेजांचं गुणोत्तर घेऊन धुळीचं तापमान काढणार असाल तर इथे थांबा. दोन्ही नकाशे नुसते १४ विकलांना गुळगुळीत करून चालणार नाही, कारण ४५० च्या शेपटीतले ४० टक्के तसेच राहतील आणि मेघाच्या कडा खोट्या गरम दिसतील. मोजलेल्या दोन-घटकी बीमनेच एकमेकांचे नकाशे गुंडाळा, म्हणजे पसरवा: ४५० चा नकाशा ८५० च्या पूर्ण बीमने, ८५० चा नकाशा ४५० च्या पूर्ण बीमने. मग भागाकार करा.